आधी सांगायचं, मग पुसायचं

एप्रिलची नऊ तारीख. गव्हाला एरंडेल लावायचं काम काढलं होतं. परातीत गहू घ्यायचा, तेलाचा हात फिरवायचा, पिंपात भरायचा. हात तेलकट असताना फोन तीनदा वाजला. एस्तेर मिसचा होता. मी उचलला नाही. हात पुसायला काही वेळ लागत नाही, पण मला उचलायचा नव्हता.

त्यांच्या भावाची नात रिबेका आठ दिवस माझ्या घरी राहत होती. आमच्या शाळेतली बारा मुलं दर मे महिन्यात तीन आठवडे जर्मनीला जातात, तिथल्या कुटुंबांत राहतात, तिथल्या शाळेत बसतात. जाण्याआधी प्रत्येकाला इथेच एका परक्या घरात आठ दिवस काढावे लागतात. त्या घराने दिलेल्या अहवालावर नाव राहतं किंवा जातं. रिबेकाचा शेवटचा दिवस होता. अहवाल मी लिहिणार होते. तिला माझ्याच घरी ठेवायचं हेही मीच ठरवलं होतं, कारण यादीचं काम आता माझ्याकडे आहे. या दिवसाची मी नऊ वर्षं वाट पाहिली होती.

एस्तेर मिसबद्दल बाकी सगळे चांगलंच बोलतात. शाळेत त्यांचं नाव काढलं की लोक हळू आवाजात बोलायला लागतात. मी त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं काम केलं, त्यामुळे मला हळू बोलायची गरज वाटत नाही.

दिसायला किरकोळ. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, बारा महिने. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत उकडलेल्या शेंगांचा डबा. खुर्चीला पाठ टेकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मिशनच्या जुन्या आवारात दोन खोल्या होत्या, तिथे एकट्या राहायच्या. जर्मन पुण्याला जाऊन शिकल्या आणि नंतर आमच्यासारख्या ऊस आणि कांद्याच्या भागात ते शिकवायचा हट्ट धरून बसल्या. तिथल्या एका छोट्या गावातल्या शाळेशी पत्रं लिहून लिहून हा होमस्टे त्यांनी एकटीने उभा केला. हे मान्य करायला मला काही कमीपणा नाही.

कुणाला शाबासकी द्यायच्या नाहीत. फार झालं तर "चालेल." वहीत काही लिहून ठेवायच्या नाहीत. "वहीला वाळवी लागते," म्हणायच्या. सगळं डोक्यात. कुणी त्यांना काय बोललं, कोणत्या सालात, कुठे उभं राहून बोललं, हे सगळं. मी एकदा म्हटलं, "मिस, तुमच्यात तर क्षमा करायला सांगतात ना?"

"करते की," त्या शेंग सोलत म्हणाल्या. "रविवारी करते. सोमवारी परत सगळं आठवतं."

परक्या घरातल्या मुक्कामाचे त्यांचे तीन नियम होते. एक, आपल्या घरची आठवण काढून काही मागायचं नाही. दोन, एखादी गोष्ट आवडली नाही तर एकदाच, नीट सांगायचं आणि मग गुपचूप खायचं. तीन, आपल्या हातून काही बिघडलं तर त्या घराला कळायच्या आधी आपण सांगायचं. तिसऱ्या नियमाला त्यांच्याकडे माफी नव्हती. "फोडा. सांडा. जाळा. पण आधी सांगायचं, मग पुसायचं."

तो नियम कुठून आला तेही सांगते. पहिल्या वर्षी एक मुलगा गेला होता, चांगला हुशार. तिकडे न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जायला भोकच नसतं, ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. त्याने आपल्याकडच्यासारखी बादली घेतली, मधोमध बसला आणि तांब्याने भडाभडा अंघोळ केली. पाणी लाकडी जमिनीतून खाली उतरलं. खालच्या खोलीत त्या घरातली म्हातारी झोपायची. छताला डाग पडला, वाढत गेला, तरी हा गप्प. रोज अंघोळ चालूच. त्या लोकांनी प्लंबर आणला, घरातल्या नळ्या उघडल्या, आपल्याच मुलाला रागावले. खरं काय ते हा परत आल्यावर कळलं. त्या घरी पुन्हा आपलं मूल कधी गेलं नाही. मिस हे सांगताना आवाज चढवायच्या नाहीत. "एक घर गेलं," एवढंच म्हणायच्या, कुणी वारल्यासारखं.

तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मिसच्या घरी एक अंघोळ करावी लागे. न्हाणीत एक मोठा प्लॅस्टिकचा टब, आणि बाकी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं. पेपर कोरडा ठेवून बाहेर यायचं. भिजला तर दुसऱ्या दिवशी परत. कोल्हारचा एक पैलवान मुलगा पाच वेळा नापास झाला. त्याची आई मिसच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, पोरगं आंघूळ करायला घाबरायलंय आता. आठ दिस झालं, नुसतं हातपाय धुतंय."

"मग जर्मनीला चालेल," मिस म्हणाल्या.

एका वर्षी मीही दुसरी शिक्षिका म्हणून गेले होते. तिथे मिस रोज संध्याकाळी पाच वाजता बूट घालून निघायच्या आणि बाराही घरांवरून चालत जायच्या. आत कुठेच जायच्या नाहीत. रस्त्यावर उभं राहून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या, मूल दिसलं की पुढे. मला ते चोरासारखं वाटायचं. एका घरात राहुरीकडची एक मुलगी टेबलाशी बसून ब्रेडकडे नुसती बघत होती, डोळ्यांतून पाणी. मी फाटक उघडायला लागले तर मिसनी माझं मनगट धरलं.

"आत गेलीस तर ती मराठीत रडेल," म्हणाल्या. "जर्मनमध्ये रडू दे. त्या बाईला कळेल तरी."

आम्ही कुंपणाशी उभ्या राहिलो. दहा मिनिटांनी त्या घरातली बाई येऊन मुलीशेजारी बसली, काहीतरी विचारलं, मुलीने काहीतरी सांगितलं. बाईने ब्रेड उचलून ठेवला आणि बटाटे आणले. मिस पुढच्या घराकडे चालू लागल्या. मी त्यांच्या मागून चालताना मनात म्हटलं, ही बाई दगड आहे, पण कामाचा दगड आहे.

त्यांचा सूड कसा असायचा त्याचंही एक उदाहरण देते. आमच्या कमिटीतले एक संचालक एकदा भर सभेत म्हणाले होते, "शेवटी पोरं इथंच ट्रॅक्टर चालवणार. ह्या बाईंना जर्मनचं याड लागलंय." चार वर्षांनी त्याच संचालकांचा मुलगा यादीत आला, मेहनती होता, घेतला. जर्मनीत मुलांचे फोन बरोबरच्या शिक्षकांकडे जमा असत, रविवारी अर्धा तास मिळत. बाकी घरी काय कळवायचं ते ईमेलने, आणि तेही जर्मनमध्ये. इथे पालकांना ते वाचून दाखवायला त्या वर्षी मिस मागे राहिल्या होत्या. संचालक दर शुक्रवारी शाळेत यायचे, खुर्ची घेऊन बसायचे. मिस शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, उभ्याने वाचायच्या. एक वाक्य जर्मन, एक मराठी.

"'बाबा, इथले वडील जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः धुतात.'"

संचालक हसले.

"'ते माळ्यालाही अहो म्हणतात.'"

संचालक हसले नाहीत.

"'मी त्यांना सांगितलं की माझे बाबाही असेच आहेत. बाबा, मी खोटं बोललो. मिसना सांगू नका.'"

खोलीत कुणी वर पाहिलं नाही. संचालक म्हणाले, "हे शेवटचं वाचलं नसतं तरी चाललं असतं बाई."

"पत्र अर्धं वाचायची मला सवय नाही," मिस म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी या." आणि तो गृहस्थ आला. तीनही शुक्रवार आला.

आता माझं.

नऊ वर्षांपूर्वी माझी मुलगी अनुजा यादीत होती. तिला मुक्कामाला भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर पाठवलं होतं, हौसाबाई नावाच्या बाईंकडे. दुसऱ्या संध्याकाळी कोंबड्यांचं खुराडं लावायचं काम अनुजाकडे होतं. तिने कडी लावली नाही. सकाळी पाच कोंबड्या गेलेल्या, अंगणभर पिसं. हौसाबाईंच्या मुलाला वाटलं शेजारच्यांचं कुत्रं. त्याने लाकूड फेकून मारलं, कुत्र्याचा पाय मोडला. अनुजा ओट्यावर उभी होती. काही बोलली नाही. नंतरही नाही. आठव्या दिवशी घरी आली आणि मला म्हणाली, नाचणीची भाकरी जमली. मी कौतुकाने शेजारी दोन घरं सांगून आले.

व्हिसासाठी मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी वर्गात बाराही मुलं बसली होती. कागद नीट लावून देण्यासाठी मीही तिथे होते. मिस म्हणाल्या, "अनुजा, हौसाबाईंकडे काय झालं, तू सांगतेस का मी सांगू?"

अनुजा रडायला लागली. मग मिसनी सांगितलं, एकही शब्द न गाळता. गठ्ठ्यातून तिची फाईल काढली आणि तिच्या हातात दिली. "हे कोंबड्यांसाठी नाही," म्हणाल्या. "कुत्र्यासाठी."

शिक्षा झाली त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला अकरा मुलांसमोर, तिच्या आईसमोर? मला खोलीत बोलावून सांगता आलं नसतं? घरी जाताना अनुजा गाडीवर माझ्या पाठीला डोकं लावून बसली होती आणि माझा ब्लाऊज पाठीवर ओला झाला. तेव्हा मी ठरवलं.

अनुजाच्या जागी वेटिंगवरची पहिली मुलगी गेली. तिची कागदपत्रं तयार होती. ती मिसच्या चर्चमधली होती. मी कमिटीला अर्ज लिहिला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. एक, अनुजाचं नाव आयत्या वेळी काढलं. दोन, जिचं नाव घातलं ती मिसच्या चर्चमध्ये येते. बाकीचं लोकांनी आपलं आपण वाचलं. आमच्या गावात असं वाचायला फार शिकावं लागत नाही. ते वाईट केलं, मला तेव्हाही माहीत होतं.

पुढच्या वर्षी मिसना घरी बसवलं आणि दुसरे एक सर मुलं घेऊन गेले. मुक्काम नाही, पेपरवरची अंघोळ नाही, फोन खिशात. मुलं तीन आठवडे खोल्यांची दारं लावून घरी व्हिडिओ कॉल करत बसली. तिकडच्या शाळेतून कमिटीला सरळ पत्र आलं, पुढच्या वर्षी एस्तेर मिसना पाठवा, नाहीतर कुणालाच पाठवू नका.

कमिटीने मिसना परत बोलावलं. त्यांनी एकच अट घातली. कमिटीने दिलगिरीचं पत्र द्यायचं, आणि ते परिपाठाला सगळ्या शाळेसमोर शोभाने वाचायचं. शोभा म्हणजे मी.

मी वाचलं. जुलैची सकाळ होती, मैदानावर चिखल, हजारभर मुलं. मिस सगळ्यात मागे, दहावीच्या रांगेमागे उभ्या होत्या. पत्र संपलं. मिसनी शांतपणे हात वर केला.

"मागे ऐकू आलं नाही," म्हणाल्या.

मी परत वाचलं. पहिल्यापासून.

त्यानंतर आम्ही दोघींनी दोन वर्षं एकाच शाळेत नीट काम केलं. एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं सुद्धा. लोकांना वाटलं मिटलं. मिस निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनीच कमिटीला सांगितलं की होमस्टेचं काम शोभाकडे द्या, ती कुणाला घाबरत नाही. मी नियम जसेच्या तसे ठेवले. लोकांना वाटलं, आदर. आदर नव्हता. मला ते नियम धारदार ठेवायचे होते, कारण रिबेका तेव्हा तिसरीत होती आणि पुढे कधीतरी ती नववीत येणार होती. तिची आई शिर्डीला नर्स, वडील नाहीत. शाळेसाठी ती मिसकडेच राहते. मिसना जगात एवढं एकच माणूस.

अनुजाचं म्हणाल तर ती नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, मजेत आहे. दर नाताळला मिसना फोन करते. मी एकदा तिला विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाली, "आई, ते तुझं आहे. माझं नाही." बरं, माझं तर माझं.

तर नऊ एप्रिल. रिबेका आठ दिवस चांगली राहिली होती. फार चांगली, मला त्रास व्हावा इतकी. कारल्याची भाजी एकदा आवडत नाही म्हणाली आणि मग दोन्ही वेळा खाल्ली. माझे यजमान तर म्हणाले, "ही इथंच राहू दे, जर्मनीला तू जा."

सकाळी मी तिला गच्चीवर पाठवलं. लताबाईंनी दोन दिवस बसून निवडलेला गहू पांढऱ्या चादरीवर पसरलेला होता, तो गोण्यांत भरून ठेव म्हटलं. लताबाई शेजारच्याच, दरवर्षी आमचा गहू त्या निवडतात. कोपऱ्यात न निवडलेलं एक पोतं उभं होतं, त्याबद्दल मी काही बोलले नव्हते. दहाच्या सुमारास मी वर गेले. चादरीवरचा ढीग मोठा झालेला आणि कोपऱ्यातलं पोतं रिकामं. तिने ते निवडलेल्या गव्हात ओतलं होतं. रिबेका माझ्याकडे पाठ करून, मांडीवर सूप घेऊन, भराभरा खडे वेचत होती. ऊन डोक्यावर, ओढणी घसरलेली.

मी हाक मारली नाही. चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरले. खाली येऊन घड्याळात पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. घराला कळलं होतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. परातीतला गहू चोळताना माझे हात हलके झाले होते. आता तिने येऊन काही सांगितलं तरी उशीर झालेला होता आणि सांगितलं नाही तर फारच उत्तम. अहवालाची वाक्यं मी मनात तयार केली. मिस विनवणी करतील तेव्हा काय उत्तर द्यायचं तेही तयार केलं. बाराला मी तिला मुद्दाम वर पाणी नेऊन दिलं नाही, उगाच बोलायला संधी नको.

दीड वाजता ती खाली आली. मी आणि लताबाई ताटं घेत होतो. तोंड लाल, बोटांची नखं काळी.

"काकू, मी चूक केली. निवडलेल्या गव्हात ते दुसरं पोतं ओतलं. साडेनऊला."

"मग आत्ता का सांगतेस?"

"मला वाटलं जेवायच्या आत निवडून होईल."

"किती झालं?"

"दोन सुपं."

लताबाई हसल्या. "दोन सुपं? अगं बाई, ह्या हिशोबानं दिवाळी यील. ऱ्हाऊ दे, मी बसते उद्या. गहूच हाय, काय सोनं हाय व्हय?"

रिबेका हसली नाही. तिला नियम माहीत होता. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं का?"

मी म्हटलं, "जेव."

पाच वाजता मिस आल्या. ओट्यावर बसल्या, पाठ न टेकता. सकाळचे तीन फोन कशाला केले होते ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चहा नको म्हणाल्या, आधी काम.

"काही झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

रिबेकाने स्वतःच सगळं सांगितलं, उभ्याने. लताबाई पायरीवर बसून ऐकत होत्या. मिसनी विचारलं, "चूक किती वाजता?"

"साडेनऊ."

"सांगितलंस कधी?"

"दीडला."

मिस माझ्याकडे वळल्या. "शोभा, तुला कधी कळलं?"

याच प्रश्नासाठी मी थांबले होते. "दहाला," मी म्हटलं. "मी वर जाऊन बघून आले होते."

"आणि दीडपर्यंत गप्प बसलीस."

"हो. तुमचाच नियम."

त्यांनी मान हलवली. "मीही बसले होते. हौसाबाईंनी उघडी कडी पाहिली होती, त्यांचा निरोप मला तिसऱ्याच दिवशी आला होता. त्यानंतर रोज मी अनुजाला फोन करून विचारायचे, काही सांगायचंय का. पाच दिवस विचारलं. घरी आल्यावर आणखी दोन दिवस वर्गात थांबवून विचारलं. 'मजेत आहे मिस' म्हणायची. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर विचारलं, कारण एकटीला विचारून झालं होतं."

मला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षांत नाही.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू अर्ज लिहायला बसलीस."

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या. "रिबेका, बॅग आण. तुझं नाव गेलं."

विनवणी नाही, आवाजात फरक नाही. माझी तयार केलेली सगळी वाक्यं वाया गेली. जे मी करणार होते ते त्यांनी माझ्या ओट्यावर, माझ्या हातातून काढून घेऊन केलं. परत एकदा त्याच जिंकल्या.

बोलल्या त्या लताबाई. "बाई, पोरीनं आपनहून सांगितलं की. कुनी इचारलं बी न्हवतं."

"उशिरा सांगितलं, लताबाई."

"जेवायच्या आत सांगितलं. ह्येला काय उशीर म्हनत्यात? आमी नवऱ्याला येक येक गोष्ट धा वर्सं सांगत न्हाई."

रिबेका आत जाऊन बॅग घेऊन आली. तिने पांघरुणाची घडी घालून ठेवली होती, ती मी नंतर पाहिली. माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरले. डोळ्यांत पाणी होतं पण रडली नाही.

मी फाटकाशी उभी राहून दोघींना स्टँडकडे जाताना पाहिलं. बॅग मिसनीच उचलली होती. सहासष्टाव्या वर्षी, एका अंगाला वाकून. मुलगी दोन पावलं मागे. वळणावर मिस थांबल्या, हात बदलला. रिबेकाने बॅगेला हात घातला, तो त्यांनी झटकला आणि तशाच पुढे गेल्या. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटून रस्त्यावर घासत होती. मला फाटकातून दिसत होती. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी शाळेत गेले. कॉम्प्युटर लावला. तिसरा नियम उघडला. 'त्या घराला कळायच्या आधी' हे शब्द काढले आणि लिहिलं, 'त्याच दिवशी, कुणी विचारायच्या आधी'. या नियमानेही अनुजा जर्मनीला गेली नसती. ते मी दोनदा तपासून पाहिलं.

मग यादी केली. बारा नावं, सातवं रिबेकाचं. सही केली, शिक्का मारला, फलकावर लावली. हे मी मोठ्या मनाने केलं असं कुणी समजू नये. जन्मात कुणाला सूट न दिलेल्या बाईच्या नातीला शोभाने सूट दिली, आणि तेही जाहीर, फलकावर. आता दर मे महिन्यात त्यांना ते आठवेल. सोमवारी सुद्धा. त्याहून मोठं मला काही सुचलं नाही.

पालक यायला लागले होते. मी मिसना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"रिबेकाचं नाव यादीत आहे," मी म्हटलं. "अकराला पालकांच्या सहीला यायचं."

मिस म्हणाल्या, "मी काल नाव काढलं."

"तुम्ही सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालात. यादी माझी आहे."

"मी सही करणार नाही."

"तिच्या आईला कळवलंय. ती शिर्डीहून निघाली."

"शोभा, तू हे कशासाठी करतेस ते मला..."

मी फोन ठेवला आणि बाहेर थांबलेल्या पहिल्या पालकांना आत बोलावलं.